पुलापलीकडची भूल

३ एप्रिल, गुरुवार
हमीपत्रावर सही केली. सगळ्यांनीच केली. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर टेबल टाकून क्लार्क बसला होता, आणि आम्ही सरकारी रुग्णालयातले सगळे डॉक्टर रेशनच्या रांगेत असल्यासारखे उभे. मजकूर असा की, व्यवसायरोध भत्ता घेतो, सबब बाहेर खाजगी पेशंट पाहत नाही, पाहणार नाही, तसे आढळल्यास कारवाईस पात्र. ‘आढळल्यास’पाशी डोळे अडकले. सही मात्र नेहमीसारखीच आली.

परवाच शाहीनकडे जाऊन भूल देऊन आले आहे. शाहीन म्हणजे कॉलेजातली रूममेट. जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापलीकडे तिचं छोटंसं प्रसूतिगृह आहे. मोठ्या रस्त्यावरचे खाजगी भूलतज्ज्ञ त्या गल्लीत जायला कंटाळतात. म्हणून मी. सिझेरियन असलं की तिचा फोन येतो, ड्यूटी संपवून मी जाते. ती पाकीट देते, मी घेते. फुकट जाते असं निदान इथं तरी लिहायचं नाही.

डॉ. गावंडे, आमचे सर्जन, रांगेत माझ्यामागे होते. मोठ्यानं म्हणाले, “आपलं काही नाई बा. दवाखाना बायकोच्या नावावर आहे. मी फक्त तिले डबा नेऊन देतो.” सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर ते हसणं आठवत राहिलं.

८ एप्रिल, मंगळवार
आजचं लिहून ठेवते.

दुपारी मूर्तिजापूरकडचा पेशंट आला. संतोष, शाळेची व्हॅन चालवतो. आतड्याला भोक, पोट लाकडासारखं कडक. मी टेबल लावलं, औषधं भरली, सिस्टर तयार. सर्जन नाही. ड्यूटी गावंडेंची.

फोन केला. “आलोच मॅडम, वरच्या वॉर्डात आहे.” मागून मॉनिटरची टिकटिक ऐकू येत होती. आमच्या वरच्या वॉर्डात मॉनिटर नाहीत. आणि एक बाई विचारत होती, “सर, पुढचा पेशंट आत घेऊ का?”

परत फोन केला. “निघालोच.” परत केला. उचलला नाही.

संतोष घामानं निथळत होता. मला म्हणाला, “मॅडम, उद्या पोट्ट्यांचा पेपर हाये. गाडी कोण नेईन?” मी म्हटलं, होईल सोय. नाडी वर चढत होती, प्रेशर खाली. सलाईन पळवलं. याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

गावंडे आले तेव्हा अंगावर हिरवे कपडे. आमच्या ऑपरेशन थिएटरात, ओटीत, निळे असतात. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. काही न बोलता हात धुतले. ऑपरेशन सुरेख केलं, खोटं का लिहू, या माणसाच्या हातात जादू आहे. पण पोट पुवानं भरलं होतं.

११ एप्रिल, शुक्रवार
संतोष गेला. सकाळी आयसीयूत.

त्याच्या बायकोचं नाव सुनीता. ओटीच्या दारात मला गाठलं. रडत नव्हती, तेच भ्यायला झालं. “मॅडम, तुमी तं आधीच आल्या होत्या. सिस्टर बी होती. मंग काऊन थांबलं होतं?”

म्हटलं, सर्जन येत होते.

“कुठून?”

पेशंट आलाय म्हणून आत निघून गेले. पेशंट कुणी नव्हता. रिकाम्या ओटीत ट्रॉली मागेपुढे ढकलत राहिले.

१५ एप्रिल, मंगळवार
शाहीनचा फोन. पहिलटकरीण, बाळ आडवं. मी ऑन-कॉल होते, म्हणजे रुग्णालयानं बोलावलं तर जायचं. गेले तरी. ‘पूल तर ओलांडायचा आहे, बोलावलं तर पोचेन,’ अशी मनाची समजूत घातली.

पाठीत सुई दिली, केस सुरळीत. पण पूर्ण वेळ नजर ट्रेवर ठेवलेल्या मोबाइलवर. वाजला तर? बाई उघडी टेबलावर, मी तिला सोडून कशी निघणार? आणि तिकडे दुसरा संतोष असेल तर?

मोबाइल वाजला नाही. बाळ रडलं, मुलगी. शा. खूश. “यार, तू फरिश्ता है.”

मी आणि गावंडे यांच्यात फरक काय? ते ड्यूटीवर असताना जातात, मी ड्यूटी संपल्यावर. आज तसंही म्हणता येत नाही.

बाहेर पडताना समोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस मोबाइल समोर धरून उभा. व्हिडिओ काढत होता की काय. स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला आणि स्कूटी काढली. पुलावर ट्रॅफिक. वाटलं तो मागे आहे. वळून पाहायची हिंमत झाली नाही.

१९ एप्रिल, शनिवार
सुनीतानं तक्रार केली आहे. दिराला घेऊन थेट अमरावतीला, वरच्या कार्यालयात गेली. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी, ‘सर्जन खाजगी दवाखान्यात, रुग्ण टेबलावर’. नाव नाही. पण रुग्णालयातली चहावाली पोरगीसुद्धा कुणाबद्दल आहे ते सांगू शकते.

चौकशी लागली. साक्षीला मी. त्या दिवशी फोन मी केले, तो मॉनिटर मी ऐकला, कपडे मी पाहिले. माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही. सिस्टर म्हणते, “मॅडम, मी सुया मोजत होती. मले काई ऐकू आलं नाही.” तिचं काय चुकलं, तिला इथंच राहायचं आहे.

नवऱ्याला, प्रशांतला सगळं सांगितलं. शाहीनकडचंही. आजवर त्याला वाटायचं, मी मैत्रिणीकडे गप्पा मारायला जाते. शेवटी म्हणाला, “तू एकच सांग. फोन केला, ते उशिरा आले. बस. आवाज-बिवाज काही ऐकलं नाही.”

“आणि ते कपडे?”

“हिरवे का निळे, कोणाले आठवते?”

तो चिडला की वऱ्हाडी येतं त्याच्या तोंडी. आज चिडला नव्हता, घाबरला होता.

२२ एप्रिल, मंगळवार
गावंडे घरी आले. संध्याकाळी, आंब्यांची पेटी घेऊन. प्र.नं दार उघडलं, मी स्वयंपाकघरात. ओळखीच्या माणसासारखे सोफ्यावर बसले, पाणी मागितलं, पंखा वाढवा म्हणाले.

थोडा वेळ उन्हाच्या गप्पा. मग, “मॅडम, मी काही वाईट माणूस नाही. त्या दिवशी तिकडे बी एक पोट उघडून बसलो होतो. अर्धवट टाकून येऊ कसा? तुमीच सांगा.”

हे खरं असणार. म्हणूनच भीती वाटली. शाहीनच्या टेबलाशी, ट्रेवरच्या मोबाइलकडे पाहत मी हेच म्हणत होते.

“म्हणून तर दोन ठिकाणी नको सर,” एवढंच तोंडातून निघालं.

हसले. “सरकारनं एक माणूस चार जागी नेमला, ते चालते. आपण दोन जागी गेलो तं पाप.” उठले. दारात चपला घालताना, प्र.कडे बघत, पण ऐकवत होते मला: “मोर्णेवरचा पूल सगळ्यांसाठीच आहे बावा. येणारा-जाणारा दिसतेच.”

आंबे परत दिले. प्र.नं त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन दिले. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं.

२५ एप्रिल, शुक्रवार
ओपीडीत असताना अनोळखी नंबर. “मॅडम, तुमी जुन्या शहरात येता ना?” कट केला. परत आला. उचलला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा मोबाइलच बंद केला.

दुपारचा डबा गेला नाही. पार्किंगमध्ये प्रत्येक माणसाकडे पाहत होते. पांढऱ्या गाडीतला एक जण बाहेर येईना म्हणून मी परत वर गेले आणि मागच्या दारानं निघाले. गाडी तिथंच सोडून. ऑटोनं घरी.

२६ एप्रिल, शनिवार
तो फोन त्या आडव्या बाळाच्या बापाचा होता. शा.नं नंबर दिलेला. बायकोची पाठ दुखते, तुम्ही पुन्हा कधी येता, विचारायचं होतं. मेवा पाठवायचा होता म्हणे.

शा. हसत सुटली. मीही हसले आणि हसता हसता रडू आलं. तिला कळलं. म्हणाली, “इतकं घाबरत असशील तर नको येऊ. मैं देख लूंगी.”

भूल द्यायला कोणाला पाहणार ही?

२७ एप्रिल, रविवार
अमरावती. आईकडे. चौकशीआधी तिला भेटून यावं वाटलं. कारण सांगितलं नव्हतं, पण प्र.नं जेवताना सांगून टाकलं.

आईनं ताक वाढता वाढता ऐकलं. म्हणाली, तुझे आजोबा इंग्रजांच्या राज्यात सरकारी डॉक्टर होते. तेव्हा साहेब डॉक्टरांना बाहेरचे पेशंट पाहायची मुभा असायची, त्यांच्या हाताखाली आजोबांनाही मिळाली. सकाळी दवाखाना, संध्याकाळी घरचा ओटा. “सासरे स्वतः सांगायचे, ओट्यावर जो येते त्याची नाडी आधी सापडते. दवाखान्यातल्याची थोडी उशिरा.”

प्र. म्हणाला, मग देऊनच टाकावी की मुभा. ड्यूटी संपली की ज्याला जिथं जायचं तिथं जाऊ दे. चोरी नाही, भीती नाही, गावंडे कुणाला धमकावू शकणार नाही.

“ड्यूटी कधी संपते?” मी विचारलं. त्याला वाटलं मी वेळ विचारते.

आई म्हणाली, “मुभा नको. मी त्या ओट्याच्या घरात नांदली. ओट्यावर लोक हात जोडून बसायचे. त्यांना वाटे दवाखान्यात गेलो तर मरू, इथं पैसे दिले तर वाचू. डॉक्टर तेच, औषध तेच.” मग माझ्याकडे बघून, “पण तू त्या शाहीनकडे नाही गेली तं त्या बायांनी जावं कोठी?”

म्हणजे तिलाही ठरवता येत नाही. काय वाटलं सांगू, बरं वाटलं.

निघताना हातावर दही-साखर ठेवली, परीक्षेला जाताना ठेवायची तशी. चौकशी ५ मे, इथंच.

३० एप्रिल, बुधवार
हे लिहायचं नव्हतं.

दुपारी घरी होते, सुट्टीवर. शा.चा फोन. आवाज वेगळा. बाईचे दिवस भरत आलेले, अचानक अंगावरून जातंय, बाळाच्या आधीच वार सुटली असावी. लगेच काढायला हवं. सगळ्या भूलतज्ज्ञांना फोन झाले, एक जण अमरावतीला, एक बाहेरगावी, एक उचलत नाही. “मीनल, आ जा. इस बार बस.”

म्हटलं, घरीच आहे, पण येऊ शकत नाही.

“यार, बच्चा है अभी. धडकन है.”

म्हटलं, आमच्याकडे पाठव. आमच्याकडे भूलतज्ज्ञ आहे, रक्तपेढी आहे. जास्त सुरक्षित. हे सगळं खरं आहे. त्या खरेपणाआड मी उभी होते. मनात पूल, टपरी, मोबाइल धरलेला माणूस, गावंडे चपला घालताना.

“ठीक,” म्हणाली आणि फोन ठेवला.

प्र. समोर बसला होता. “बरोबर केलं,” म्हणाला. पंखा बघत होता.

१ मे, गुरुवार
सुट्टी होती तरी रुग्णालयात गेले.

बाई वाचली. बाळ नाही.

काल ऑटोनं आणली. पुलापाशी मिरवणुकीची तयारी चालू होती, गाड्या वळवल्या होत्या. पोचली तेव्हा आमचे दुसरे भूलतज्ज्ञ आत एका अपघाताच्या केसमध्ये अडकलेले. एक टेबल, एक माणूस. ते मोकळे होईपर्यंत ठोके थांबले होते.

मी सुट्टीवर होते. घरून रुग्णालय शाहीनच्या दवाखान्याहून जवळ आहे. मला कुणी बोलावलं नाही. कारण मी घरी आहे हे कुणाला माहीत? शा.ला माहीत होतं. तिनं पुन्हा फोन केला नाही.

आणि मला सुचलं नाही. हे कसं सुचलं नाही? बाईला आमच्याकडे पाठव म्हटलं, तर आपण उठून आपल्याच ओटीत जाऊन उभं राहावं, यात कुठला नियम मोडणार होता? भीतीनं डोकं इतकं भरलं होतं की सरळ रस्ता दिसला नाही.

बाईचं नाव रुखसाना. झोपली होती. तिची सासू खाटेशी बसली होती, मला ओळखत नव्हती. म्हणाली, “अल्ला की मर्जी, बेटा. सबने बहोत किया.”

मी पायऱ्यांवर जाऊन बसले.

२ मे, शुक्रवार
शा.ला फोन केला. उचलला. ती म्हणाली, “तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू म्हणू नको.”

एवढंच. आणि मग सांगितलं की ती आता अवघड केस घेणार नाही. नवव्या महिन्यात जरा काही वाटलं की पुलापलीकडे. “रस्ता मिळाला तर.”

४ मे, रविवार
उद्या अमरावती. प्र. म्हणतो, मी येतो. नको म्हटलं.

तो म्हणतो ते मनात घोळवून पाहिलं. फोन केला, ते उशिरा आले, बस. बोलायला सोपं आहे, तोंडात बसतं. आरशासमोर बोलून पाहिलं. मग दुसरं बोलून पाहिलं, सगळं, कपड्यांसकट. आवाज फाटला.

नोकरी जाईल का? निलंबन नक्की. मग रजिस्ट्रेशन. मग पेपरात नाव. आईचे शेजारी. प्र.च्या कॉलेजात लोक काय म्हणतील. हे सगळं एकदम येत नाही, एकेक येऊन उशाशी बसतं.

प्र.नं कॉफी केली. कधी करत नाही. साखर विसरला होता. तशीच प्यायले.

५ मे, सोमवार
परत येताना रेल्वेत लिहिते, अक्षर वाकडं.

कार्यालयात कूलर घरघरत होता. चौकशी अधिकारी एक बाई, वयस्कर, बोलण्यावरून लातूर-बीडकडच्या. स्वतः डॉक्टर. शेजारी टंकलेखक. भिंतीशी खुर्चीवर गावंडे, इस्त्रीचा शर्ट. बाहेर बाकावर सुनीता, पदर तोंडात धरून. मला पाहून उठली, पुन्हा बसली.

विचारलं तसं सांगितलं. फोन किती वेळा, काय ऐकलं, काय पाहिलं. मॉनिटरचंही सांगितलं. गावंडे जमिनीकडे बघत होते.

बाई म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय?”

तो क्षण येणार हे मला रात्रभर माहीत होतं.

गावंडे उभे राहिले. “मॅडम, एकच. तुमी स्वतः बाहेर भूल देता की नाही?”

कूलरचा आवाज. टंकलेखकाचा हात थांबलेला.

मला वाटलं होतं मी रुखसानाचा विचार करीन, धीर येईल. तसं काही झालं नाही. धीर आलाच नाही. घाबरलेल्या आवाजातच म्हणाले, “देते. देत होते. जुन्या शहरात. हमीपत्रावर सही केल्यानंतरही एकदा. ऑन-कॉल असताना.”

गावंडेंना हे अपेक्षित नव्हतं. मी नाही म्हणेन, मग ते नाव सांगतील, तारीख सांगतील, अशी त्यांची तयारी असणार. उभेच राहिले. हात कुठं ठेवावेत कळेना त्यांना.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “हा विषय आज तुमच्याबद्दल नाही. हे लिहून घेतलं तर तुमच्यावर वेगळी चौकशी लागेल. कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग लिहायचं?”

“लिहा.”

मशीनचा आवाज सुरू झाला. तो मात्र सोसला नाही. खिडकीबाहेर बघत बसले.

बाईंनी चष्मा काढला. हळू बोलल्या, टंकलेखकाला उद्देशून नाही. “मी पण तालुक्याला होते. तेव्हा आसपास दुसरं कोणी नव्हतं. लोक रात्री-बेरात्री दार वाजवायचे. जावं लागायचं. आणि जाऊन आलं की सकाळी दवाखान्यात उशीर व्हायचा. दोन्हीकडचं माणूसच.” मग चष्मा चढवला. “हे लिहू नका.”

बाहेर आले तर सुनीता उभी. “सांगतलं?”

“सांगितलं.”

तिनं माझे हात धरले. घामानं दोघींचे हात ओले. म्हणाली, “आता काय होते त्याईले?” मला माहीत नव्हतं. तिचं पुढचं वाक्य: “तुमाले बी काई करतीन का?” हे तिला कुणी सांगितलं असेल? की माझ्या तोंडावर दिसत होतं?

बडनेरा गेलं. हात थांबतो आता.

९ मे, शुक्रवार
काही नाही आलं. ना गावंडेंबद्दल, ना माझ्याबद्दल. मोठे साहेब जिन्यात भेटले, नजर चुकवून गेले. क्लार्क मात्र दोनदा माझं पूर्ण नाव आणि नेमणुकीची तारीख विचारून गेला. कशाला विचारलं म्हटलं तर, “असंच मॅडम, फाइल अपडेट करून राहिलो.”

आई रोज फोन करते. विषय काढत नाही. काय केलं जेवायला, ऊन किती, एवढंच. ठेवताना म्हणते, “झोप.”

प्र.ला वाटलं होतं मी त्यानं सांगितलं तेवढंच सांगून येईन. दोन दिवस बोलला नाही. काल म्हणाला, “बरं झालं मी आलो नाही. मी तुले थांबवलं असतं.”

१४ मे, बुधवार
आज पुन्हा पोट. बार्शीटाकळीची मुलगी, कॉलेजात शिकणारी, अपेंडिक्स फुटलेलं. ड्यूटी गावंडेंची. निर्णय येईपर्यंत ते कामावर आहेत, मीही आहे.

फोन करताना बोट नंबरवर थांबलं. केला. “येतो.” बस एवढंच.

आणि आले. मी औषध भरेपर्यंत दारात. धापा टाकत, जिन्यानं आले असावेत. निळे कपडे. चौकशीनंतर प्रथमच समोरासमोर. माझ्याकडे पाहिलं नाही. “द्या भूल.”

मी दिली. मुलगी माझ्याकडे बघत बघत झोपली. पूर्ण वेळ तिचा श्वास माझ्या हातात, तिचं पोट त्यांच्या. एकमेकांशी फक्त कामाचं. प्रेशर किती. ठीक आहे. लाईट जरा इकडे. टाके घालताना ते गुणगुणतात, आज गुणगुणले नाहीत.

हात धुताना नळाशी दोघं. म्हणाले, “मॅडम, माझं जाईन. तुमचं बी जाईन. मंग ह्या पोरीसाठी अठी कोण?”

धमकी नव्हती. खरंच विचारत होते. माणूस घाबरलेला होता. मला पहिल्यांदाच दिसलं की त्यांनाही भीती वाटते. कदाचित तेव्हाही वाटत असेल, आंब्यांची पेटी घेऊन आले तेव्हा.

म्हटलं, “आज वेळेवर आलात सर.”

नळ बंद केला त्यांनी. बराच वेळ टॉवेलनं हात पुसत राहिले. मग, “त्या व्हॅनवाल्याच्या बायकोले भेटाव का मी?” आणि उत्तराची वाट न बघता गेले.

१६ मे, शुक्रवार
मुलगी बरी. उठून बसली, भाकर मागते.

क्लार्क आज आला नाही माझ्याकडे. तेही बरं वाटत नाही.

संध्याकाळी शा.चा मेसेज. इतक्या दिवसांत पहिला. “उद्या एक आहे. पहिलं सिझर झालेलं, बाळाचं वजन जास्त. तू येऊ नको, मी बोलावत नाही. फक्त सांग, सकाळी तुमच्याकडे टेबल रिकामं असेल ना? आणि टेबलाशी कोणी?”

उद्या माझी ड्यूटी नाही. दुसरे भूलतज्ज्ञ रजेवर गेलेत, त्यांच्या जागी कोण येणार ते ऑफिसात कुणाला माहीत नाही. विचारायला फोन केला, ऑफिस बंद. मोठ्या साहेबांना केला, उचलला नाही.

मी उद्या ड्यूटी नसताना आमच्याच ओटीत जाऊन उभी राहू शकते. आत घेतील? चौकशी चालू असलेल्या बाईला, सुट्टीच्या दिवशी, पुलापलीकडून आलेल्या पेशंटसाठी? उद्या कुणी म्हणेल, ही आता सरकारी टेबलावरच मैत्रिणीची प्रॅक्टिस चालवते. म्हणतीलच.

मेसेज वाचला हे शा.ला दिसलं असणार. ‘हो’ लिहिलं. पुसलं. ‘मी असेन’ लिहिलं.

अजून पाठवलेलं नाही. प्र. दारात येऊन विचारतो, कोणाचा मेसेज आहे?